निरीश्वरवाद्यांची धर्मचिकित्सा : ख्रिस्ती धर्म आणि इस्लाम

१. प्रश्नाचे स्वरूप

निरीश्वरवादी ख्रिस्ती धर्मावर जितक्या मोकळेपणाने टीका करतात तितक्याच मोकळेपणाने ते इस्लामवर करतात काय, हा प्रश्न १९८९ नंतर पाश्चात्त्य देशांत वारंवार विचारला गेला आहे. विचारणारे बहुधा उत्तर मनाशी ठरवूनच तो विचारतात. श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्य त्यातून निरीश्वरवाद्यांचा भित्रेपणा सुचवितो. जो उलटून मारीत नाही त्याच्यावरच हे शूर तुटून पडतात, असा त्याचा आशय असतो. उलटपक्षी, युरोपात स्थायिक झालेल्या मुसलमान समाजाची बाजू घेणारे लेखक म्हणतात की, अलीकडचे निरीश्वरवादी इस्लामच्याच मागे हात धुऊन लागले आहेत. हे दोन्ही आक्षेप एकाच वेळी सर्वांशी खरे असणे शक्य नाही, आणि दोन्ही निखालस खोटे आहेत असेही म्हणता येत नाही. म्हणून या प्रश्नाची नीट फोड करून त्यातील कोणता भाग पुराव्याने ठरविता येतो व कोणता मूल्यांच्या निवडीचा आहे, हे पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. निरीश्वरवाद हा पंथ नव्हे. त्याला धर्मपीठ नाही, दीक्षाविधी नाही आणि सर्वमान्य ग्रंथही नाही. तेव्हा 'निरीश्वरवादी असे करतात' या विधानाचा कर्ता कोण, हे दर वेळी सांगावे लागते. लंडनच्या ख्रिस्ती घरात वाढलेला निरीश्वरवादी आणि ढाक्याच्या मुसलमान घरात वाढलेला निरीश्वरवादी यांचे तात्त्विक मत एक असले तरी त्यांची टीका कोणत्या धर्माकडे वळेल हे त्या मतावरून सांगता येत नाही.

'टीका' या शब्दाखालीही चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात : ईश्वरविषयक सिद्धान्तांचे खंडन, धर्मग्रंथांची ऐतिहासिक चिकित्सा, धर्माच्या नावाने चालणाऱ्या रूढींवरील सामाजिक टीका आणि उपहास. त्या धर्माच्या अनुयायांविषयी द्वेष पसरविणे ही पाचवी गोष्ट आहे. ती टीकेत मोडत नाही, परंतु टीकेचे सोंग ती पुष्कळदा घेते. आता 'तितक्याच मोकळेपणाने' या शब्दप्रयोगाचे माप कोणते? ते तीन प्रकारचे असू शकते. पहिले संख्येचे, म्हणजे किती पाने कोणत्या धर्मावर खर्च झाली. दुसरे निकषाचे, म्हणजे एका धर्माला लावलेली कसोटी दुसऱ्यालाही लावली जाते की नाही. तिसरे तयारीचे, म्हणजे प्रसंग आला असता बोलण्याचे टाळले जाते की नाही. या तिन्ही मापांची उत्तरे भिन्न येतात, आणि वादाचा बराचसा गोंधळ ती एकमेकांत मिसळल्यामुळे झालेला आहे.

२. अठराव्या शतकाचा वारसा

युरोपातील धर्मचिकित्सेच्या आरंभकाळी इस्लाम हे टीकेचे लक्ष्य क्वचितच होते; बहुधा ते ख्रिस्ती धर्मावरील टीकेचे साधन होते. एडिंबरो येथे १६९७ साली टॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेबद्दल फाशी देण्यात आले. त्याच्यावरील आरोपांत येशूपेक्षा मुहंमद पैगंबर बरा असे तो म्हणाला, हाही एक आरोप होता. फ्रेंच लेखक बूलँव्हिलिए याचे पैगंबराचे चरित्र १७३० साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यात इस्लामची मांडणी पुरोहितशाहीपासून मुक्त व बुद्धीला पटणारा धर्म अशी केलेली आहे. पॅरिसच्या धर्मसत्तेला तिचे दोष दाखविण्याचा तो एक आडमार्ग होता.

व्हॉल्तेअरचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्याचे 'महोमे' हे नाटक १७४१ साली लील येथे व पुढील वर्षी पॅरिस येथे रंगभूमीवर आले. नाटकात पैगंबराचे चित्रण धूर्त व क्रूर असे आहे. परंतु पॅरिसमधील कर्मठ ख्रिस्ती मंडळींनी त्यातील बाण आपल्यावरच रोखलेला आहे हे ओळखले आणि थोड्याच प्रयोगांनंतर ते नाटक मागे घ्यावे लागले. व्हॉल्तेअरने पुढे ते खुद्द पोप चौदावा बेनेडिक्ट यालाच अर्पण केले! त्याच लेखकाने १७५६ च्या आपल्या जागतिक इतिहासविषयक ग्रंथात इस्लामविषयी बरेच सौम्य मत दिले आहे. यावरून असे दिसते की, या काळातील लेखक इस्लामची निंदा करोत की स्तुती, त्यांचे डोळे आपल्या गावच्या चर्चकडेच लागलेले होते. इस्लाम त्यांना दूरचा होता, आणि दूरच्या वस्तूचा उपयोग दृष्टान्तासाठीच होतो.

ही प्रवृत्ती भारतातही आढळते. मानवेंद्रनाथ रॉय हे कट्टर जडवादी. परंतु इस्लामच्या ऐतिहासिक कार्यावरील त्यांचे पुस्तक इस्लामविषयी आदर व्यक्त करणारे आहे. आरंभीच्या इस्लामने सामाजिक समतेला व ज्ञानाच्या प्रसाराला दिलेली चालना हिंदू वाचकांच्या ध्यानात आणून द्यावी, हा त्यांचा उद्देश होता. अर्थात निरीश्वरवाद म्हटला की त्यातून इस्लामविरोध आपोआप निघतो, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही.

३. सान्निध्य, ज्ञान आणि कायदा

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये निरीश्वरवादाला संघटित रूप आले. चार्ल्स ब्रॅडलॉ याने १८६६ साली नॅशनल सेक्युलर सोसायटीची स्थापना केली. 'फ्रीथिंकर' पत्राचा संपादक जी. डब्ल्यू. फूट याला १८८३ साली धर्मनिंदेबद्दल एक वर्षाची कैद झाली. याच गुन्ह्यासाठी इंग्लंडात तुरुंगात गेलेला शेवटचा मनुष्य जॉन विल्यम गॉट. त्याला १९२१ साली नऊ महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. या लोकांनी लिहिले ते जवळजवळ सर्व ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहिले. ते सोपे सावज होते म्हणून लिहिले असे म्हणता येत नाही. कारण त्या काळी इंग्लंडात इस्लामवर कितीही कठोर लिहिले तरी कोणी तुरुंगात गेला नसता. धोका होता तो ख्रिस्ती धर्मावर लिहिण्यातच.

तेव्हा टीका धोक्याच्या उलट दिशेने वाहते, हा सिद्धान्त निदान या काळाला लागू पडत नाही. येथे खरे कारण सान्निध्याचे आहे. ज्या धर्माने आपली शाळा, आपला विवाह, आपल्या न्यायालयातील शपथ आणि आपले अंत्यसंस्कार यांचे नियमन केले, त्याच्याशी मनुष्याचे भांडण असते. बर्ट्रंड रसेल यांनी ६ मार्च १९२७ रोजी बॅटर्सी येथे दिलेल्या सुप्रसिद्ध व्याख्यानाचा विषय आपण ख्रिस्ती का नाही हा होता. आपण मुसलमान का नाही, हे सांगण्याची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. मात्र बोल्शेव्हिझमवरील १९२० च्या पुस्तकात त्यांनी त्या पक्षाची तुलना आरंभीच्या इस्लामशी केली आहे. म्हणजे भीड आडवी येत नव्हती, निकड नव्हती.

सान्निध्याला ज्ञानाची जोड असते. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा युरोपीय विद्यापीठांत दीर्घकाळ चालली. स्ट्राउसचे येशूचरित्र १८३५ चे व रेनाँचे १८६३ चे. त्यांचे निष्कर्ष सामान्य निरीश्वरवाद्याला आयते उपलब्ध झाले. कुराणाच्या रचनेचा इतिहास नोल्डेके याने १८६० साली लिहिला खरा, परंतु ती विद्या अरबी जाणणाऱ्या थोड्या पंडितांपुरती राहिली. मुसलमान देशांतील विद्यापीठांत या चिकित्सेला वावच मिळू नये अशी परिस्थिती पुढे निर्माण झाली. इजिप्तचे विद्वान नस्र हामिद अबू झैद हे स्वतःला मुसलमानच म्हणवीत. परंतु कुराणाच्या भाषिक अर्थनिर्णयाविषयीच्या लेखनामुळे न्यायालयाने १९९५ साली त्यांना धर्मत्यागी ठरविले व त्यांचा विवाह रद्द केला. त्यांना हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. जेथे श्रद्धावान पंडिताची ही गत, तेथे अश्रद्ध टीकाकाराच्या हाती सामग्री अपुरी असावी यात नवल नाही.

४. १९८९ नंतरचा पालट

येथवर सांगितलेली कारणे निरपवाद असती तर विषय येथेच संपला असता. परंतु सलमान रश्दी यांच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीविरुद्ध आयातुल्ला खोमेनी यांनी १४ फेब्रुवारी १९८९ रोजी मृत्यूचा आदेश काढला आणि परिस्थितीत एक नवे कारण शिरले. कादंबरीचे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा १९९१ साली खून झाला. रश्दी यांच्यावर प्रत्यक्ष हल्ला झाला तो तेहेतीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये; त्यात त्यांचा एक डोळा गेला.

या प्रकरणाची एक कायदेशीर बाजू अभ्यासनीय आहे. इंग्लंडमधील काही मुसलमानांनी रश्दी यांच्यावर धर्मनिंदेचा खटला भरण्याची मागणी केली. न्यायालयाने १९९० साली निर्णय दिला की, तो कायदा फक्त ख्रिस्ती धर्मालाच संरक्षण देतो. म्हणजे औपचारिक कायद्याच्या दृष्टीने त्या देशात ख्रिस्ती धर्मावरील टीका अधिक धोक्याची होती, तर प्रत्यक्षात इस्लामवरील टीका जिवावर बेतत होती. हा कायदा २००८ साली रद्द झाला. प्रत्यक्ष धोका राहिला.

भयाचा परिणाम पुराव्याने दाखविता येतो. डेन्मार्कच्या 'युलंड्स-पोस्टेन' या वृत्तपत्राने ३० सप्टेंबर २००५ रोजी छापलेल्या बारा व्यंगचित्रांच्या प्रकरणावर येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २००९ साली एक अभ्यासग्रंथ काढला, आणि त्यातून ती व्यंगचित्रेच वगळली. हिंसाचार उद्भवेल, हे कारण देण्यात आले. ज्या वस्तूचा अभ्यास करावयाचा तीच वस्तू ग्रंथात नसावी, हा प्रकार ख्रिस्ती धर्माविषयीच्या ग्रंथाच्या बाबतीत त्या काळी संभवला नसता. तयारीच्या मापाने पाहता येथे विषमता स्पष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

संख्येच्या मापासाठी एक उपयुक्त गणना उपलब्ध आहे. पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' या व्यंगसाप्ताहिकाच्या कार्यालयावर ७ जानेवारी २०१५ रोजी झालेल्या हल्ल्यात बारा माणसे मारली गेली. त्यानंतर दोन समाजशास्त्रज्ञांनी २००५ ते २०१५ या दशकातील त्याची ५२३ मुखपृष्ठे तपासली व निष्कर्ष 'ल माँद' या दैनिकात प्रसिद्ध केले. धर्म हा विषय असलेली मुखपृष्ठे केवळ ३८ निघाली. त्यांतील २१ प्रामुख्याने ख्रिस्ती धर्मावर व ७ प्रामुख्याने इस्लामवर होती; उरलेल्यांत अनेक धर्म एकत्र होते. इस्लामचा ध्यास घेतल्याचा आरोप ज्या पत्रावर होता त्याची ही स्थिती आहे. मात्र या आकड्यांवरून त्या पत्राने इस्लामला भिऊन सूट दिली असा निष्कर्षही काढता येणार नाही. कॅथलिक चर्चशी दीर्घ झगडा झालेल्या देशातील ते पत्र आहे, आणि ती सात मुखपृष्ठेही जिवाची किंमत देऊन छापलेली आहेत.

५. अलीकडचे निरीश्वरवादी

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर इंग्रजीत निरीश्वरवादी ग्रंथांची एक लाट आली. सॅम हॅरिस यांच्या २००४ च्या 'द एंड ऑफ फेथ' या पुस्तकात इस्लामवर स्वतंत्र प्रकरण असून त्याची भाषा कठोर आहे. परंतु त्याच लेखकाने दोन वर्षांनी लिहिलेले दुसरे पुस्तक अमेरिकेतील ख्रिस्ती वाचकांना उद्देशून आहे. रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ च्या 'द गॉड डिल्यूजन'मध्ये, आपल्या डोळ्यांपुढे मुख्यतः ख्रिस्ती धर्म आहे कारण तोच आपल्या अधिक परिचयाचा आहे, असे स्वतःच सांगितले आहे. क्रिस्तोफर हिचेन्स यांच्या २००७ च्या ग्रंथात कुराणाच्या उगमावर एक प्रकरण आहे, आणि जुन्या व नव्या करारांवरही तितकीच निर्दय प्रकरणे आहेत. इस्लामला हात न लावण्याचा आरोप या तिघांवर करता येत नाही.

त्यांच्यावर झालेला आक्षेप उलट दिशेचा होता. अमेरिका व ब्रिटन यांची सैन्ये मुसलमान देशांत लढत असताना, आणि युरोपातील मुसलमान स्थलांतरित भेदभावाला तोंड देत असताना केलेली टीका धर्मावर न थांबता माणसांवर जाऊन पडते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्यांश आहे. दुर्बळ अल्पसंख्याकांविषयी बोलताना शब्द जपून वापरावेत ही अपेक्षा रास्तच होय. परंतु संयम आणि मौन यांत अंतर आहे. संयमाचे मौन झाले म्हणजे त्याची किंमत कोण देतो, हे पुढील भागावरून दिसून येईल.

६. मुसलमान घरांतील निरीश्वरवादी

आतापर्यंतच्या चर्चेत एक गृहीत नकळत शिरले आहे : निरीश्वरवादी म्हणजे पाश्चात्त्य, आणि इस्लाम म्हणजे परका. हे गृहीत सोडले की प्रश्नाचे रूपच पालटते. इस्लामवर सर्वांत सखोल टीका मुसलमान समाजात जन्मलेल्यांनी केलेली आहे. नवव्या शतकातील इब्न अल्-रावंदी, त्यानंतरचा वैद्य व तत्त्वज्ञ अबू बकर अल्-राझी आणि सीरियाचा अंध कवी अल्-मअर्री ही नावे तज्ज्ञांना परिचित आहेत. इजिप्तमध्ये इस्माईल अदहम याने आपण निरीश्वरवादी का, हे सांगणारी पुस्तिका १९३७ साली अरबी भाषेत प्रसिद्ध केली. रसेल यांच्या व्याख्यानाचे नाव डोळ्यांपुढे ठेवून इब्न वराक या टोपणनावाच्या लेखकाने १९९५ साली आपण मुसलमान का नाही हे सांगणारा ग्रंथ लिहिला. रसेल यांना टोपणनावाची गरज पडली नव्हती; या एका गोष्टीतच दोन परिस्थितींमधील अंतर सामावलेले आहे.

बांगलादेशात फेब्रुवारी २०१३ मध्ये अहमद राजीब हैदर यांचा खून झाला. 'मुक्तमना'चे संस्थापक अभिजित राय यांना २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ढाक्याच्या पुस्तकमेळ्यातून बाहेर पडताच ठार करण्यात आले. त्याच वर्षी वाशिकुर रहमान, अनंत विजय दास, निलय नील आणि राय यांचे प्रकाशक फैसल आरेफिन दीपन हेही मारले गेले. नायजेरियात मुबारक बाला यांना २०२२ साली चोवीस वर्षांची शिक्षा झाली. २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. आपल्या देशात कोइमतूर येथे मार्च २०१७ मध्ये फारूक या तरुण निरीश्वरवादी कार्यकर्त्याची हत्या झाली. धोका जेथे सर्वाधिक तेथेच हे लोक लिहीत होते. तेव्हा 'निरीश्वरवादी भिऊन इस्लामवर बोलत नाहीत' हे विधान त्यांच्यासंबंधी केले तर ते असत्य तर होतेच, शिवाय कृतघ्नपणाचेही होते.

यांची खरी अडचण दुहेरी आहे. मायदेशी त्यांना धर्मत्यागी म्हणून मारले जाते. आश्रयाच्या देशात त्यांचे बोलणे गैरसोयीचे ठरते. ब्रिटनमध्ये माजी मुसलमानांची परिषद २००७ साली स्थापन झाली. तिच्या प्रवर्तक, मूळच्या इराणच्या मरियम नमाझी यांना २०१५ साली वॉरिक विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाने प्रथम व्याख्यानास अनुमती नाकारली. टीका झाल्यावर निर्णय बदलला. त्यांच्या बोलण्याने मुसलमान विद्यार्थी दुखावतील असे कारण सांगितले गेले होते. ज्या स्त्रीने स्वतःच्या समाजातील सत्तेविरुद्ध आवाज उठविला तिलाच त्या समाजाची निंदक ठरविण्याचा हा प्रकार होता. एखाद्या समाजाचा आदर करावयाचा म्हणजे त्यातील कर्मठांचाच तेवढा आदर करावयाचा, असा त्याचा अर्थ होतो.

७. महाराष्ट्रातील प्रतिबिंब

हाच प्रश्न आपल्याकडे वेगळ्या रूपाने विचारला जातो : बुद्धिवादी फक्त हिंदू धर्मावरच का बोलतात? त्याचे उत्तरही सान्निध्याच्या तत्त्वानेच मिळते. आगरकरांनी आपल्या समाजाच्या रूढींवर लिहिले आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेऊन तोंडी तलाकाविरुद्ध आवाज उठविला, व २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांच्या इच्छेनुसार १९७७ साली त्यांचे दहन कोणत्याही धर्मविधीवाचून झाले. दोघांचाही कसोटीचा दगड एकच होता. फक्त घरे निराळी होती.

ख्रिस्ती धर्मावरील टीका आपल्या देशात निर्धोक आहे, असेही नाही. मुंबईच्या विलेपार्ले भागातील एका चर्चमध्ये क्रूसावरील मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले, तेव्हा सनल एडमरुकू यांनी २०१२ साली त्याचे कारण केशाकर्षण हे असल्याचे दाखविले. त्यांच्याविरुद्ध भारतीय दंडविधानाच्या २९५ अ या कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्यांनी फिनलंड गाठले. हे कलम १९२७ साली दंडविधानात घातले गेले ते लाहोरच्या 'रंगीला रसूल' खटल्यानंतर, म्हणजे पैगंबराविषयीच्या एका पुस्तिकेमुळे. पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने तेच कलम चर्चमधील पाण्यासाठी उपयोगात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा कृत्यांवर बेतलेला आहे, धर्मांवर नव्हे. टीकेचा निकष समान ठेवण्याचा हा चांगला नमुना होय.

८. निष्कर्ष

वरील विवेचनाचे तात्पर्य असे सांगता येईल. संख्येच्या मापाने पाश्चात्त्य निरीश्वरवाद्यांनी ख्रिस्ती धर्मावर अधिक लिहिले आहे, आणि त्याचे मुख्य कारण सान्निध्य व ज्ञान हे आहे. त्यात दोषास्पद असे काही नाही. निकषाच्या मापाने पाहता, प्रमुख लेखकांनी दोन्ही धर्मांना तीच कसोटी लावलेली दिसते. तयारीच्या मापाने मात्र १९८९ नंतर खरी विषमता निर्माण झाली असून, ती लेखकांपेक्षा प्रकाशनसंस्था, विद्यापीठे व सभागृहे यांच्या वर्तनात अधिक दिसते. तिला दोन कारणे आहेत, हिंसेचे भय आणि अल्पसंख्याकांविषयीची आस्था. पहिले कारण दुसऱ्याचे नाव घेऊन वावरू लागते तेव्हा ते ओळखणे कठीण होते.

या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने दोन पथ्ये पाळावीत. टीकेची मोजणी करताना ती कोणी, कोणत्या देशात, कोणत्या भाषेत व कोणत्या कायद्याखाली केली हे प्रत्येक नोंदीबरोबर लिहावे. आणि जे लिहिले गेले त्याच्याबरोबर जे लिहून छापले गेले नाही, त्याचीही नोंद ठेवावी. भयाचा पुरावा बहुधा तेथेच सापडतो. सर्व धर्मांवर समान पाने लिहिण्याचे बंधन कोणत्याही निरीश्वरवाद्यावर नाही. परंतु दुसऱ्या घरातून बाहेर पडलेला मनुष्य बोलावयास उभा राहिला असता त्याला व्यासपीठ नाकारू नये, एवढे बंधन ज्ञानाच्या उपासकांवर निश्चित आहे.